दोन कॉइल, एक भिंत

४ नोव्हेंबर

घरघर वाढली आहे. गिटारचा अँप लावला की लगेच सुरू होते. तारांवर तळवा ठेवला की निवते. हात उचलला की परत.

अनिलचा निरोप — सहाच्या सहा गाण्यांतली गिटार पुन्हा वाजवावी लागेल. थांब्यांमध्ये घरघर ऐकू येते, असं बाहेर देता येणार नाही. बाकी काही नाही. कशी आहेस, तेही नाही.

अकरा वर्षं झाली. कल्याणच्या कॉलेजात चौघं होतो. एक दुबईला गेला, एकाने ड्रम विकून टाकले. अनिल पुण्याला, मी सापगावला. आता ड्रम यंत्र वाजवतं. अनिल गातो आणि सगळं जुळवतो. गिटार मी इथून पाठवते. दोन वर्षांत भेट नाही. तरी बँड आहे असं म्हणायचं. दुसरं म्हणण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही.

५ नोव्हेंबर

सुट्टी संपली. शहापूरला अकरावीवर दोन तास. स्टाफरूममध्ये अक्षदा मॅडमनी विचारलं, दिवाळीत काय केलं. 'वाचन,' म्हटलं. गिटारचं लपवणं इतकं सोपं आहे.

७ नोव्हेंबर

पहाटे पाचला सकुबाईच्या तांब्याचा आवाज. बादलीच्या कडेवर दोनदा आपटते, मग पाणी. तीन वर्षं मला गजर लावावा लागलेला नाही. तिची मोरी आणि माझी वाजवायची जागा एकाच भिंतीला, मध्ये चार इंच वीट. घरमालकीण ती. मुलगा भगीरथ भिवंडीच्या गोडाऊनवर, बायकामुलांसह तिकडेच.

खोली घेताना मी सांगितलं होतं, संध्याकाळी थोडा आवाज होईल. 'व्हऊ दे,' म्हणाली. त्यानंतर एकदाही तक्रार नाही. कानाने कमी असावी.

आज नळावर एकदम विचारलं, ते वाजतं कशानं? मी सांगितलं — तारांखाली लोहचुंबक असतं, त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचं वेटोळं. तार थरथरली की वेटोळ्यात वीज जागी होते, ती अँपमध्ये मोठी होते. त्याला पिकअप म्हणतात.

तिने हंडा उचलला. 'म्हंजे पंपाची मोटारच की,' म्हणाली.

९ नोव्हेंबर

रविवार. दिवसभर पिकअपविषयी वाचलं. इतकं मन लावून एम.ए.लाही वाचलं नव्हतं.

पॅसिव्ह म्हणजे माझ्याकडे आहेत ते. नुसतं चुंबक आणि वेटोळं. बोट हलकं पडलं तर हलकं ऐकू येतं, जोरात पडलं तर जोरात. हाताने केलेल्या चुका जशाच्या तशा पोचतात. आणि आजूबाजूची वीजही पोचते — दिव्याची, फ्रिजची, पलीकडच्या वावरातल्या पंपाची.

अ‍ॅक्टिव्हमध्ये वेढे कमी, आतच एक चिमुकला अँप, त्याला नऊ व्होल्टची बॅटरी. जवळजवळ घरघर नाही. हलकं-जोरात यांतला फरक थोडा दाबला जातो, सगळे आघात एका उंचीवर येतात. काही लोक याला निर्जीव म्हणतात. काही लोक दुसरं काही वाजवायलाच तयार नाहीत.

आम्ही वाजवतो त्या जड, मेटल संगीताला अ‍ॅक्टिव्ह शोभतात, हे मान्य केलं पाहिजे. तारा खाली उतरवलेल्या असतात, आघात जलद, आणि त्यांच्यामध्ये कापून ठेवल्यासारखी शांतता हवी. या संगीतात वाजवण्याइतकंच थांबणं असतं. हे लोकांना सांगून पटत नाही. त्यांना फक्त गोंगाट ऐकू येतो. माझ्या थांब्यांत घरघर शिरते आणि थांबा थांबा राहत नाही.

म्हणजे उत्तर सरळ आहे. मग मी दिवसभर काय शोधत होते?

संध्याकाळी पेपर तपासले. अँप चालूच ठेवला. मी तो नेहमीच चालू ठेवते. बंद केला की खोली मोठी होते.

१२ नोव्हेंबर

अनिलचा फोन! आवाज ऐकून सात महिने झाले होते. चार मिनिटं बोलला. तीन मिनिटं पिकअपवर. अ‍ॅक्टिव्ह घे, अँप बंद ठेव, गिटार थेट कम्प्युटरला जोड, कानाला हेडफोन लाव, बाकीचा आवाज मी इथे घडवतो.

मग म्हणाला, 'दहा डिसेंबरपर्यंत नाही आलं तर मी इथल्या एकाला बसवतो. वाईट वाटून घेऊ नकोस.'

नाही घेणार, म्हटलं.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं — त्या 'इथल्या एका'चं नाव मी विचारलं नाही, आणि माझं नाव त्याने एकदाही घेतलं नाही.

१६ नोव्हेंबर

किन्हवलीमार्गे एस.टी.ने मुरबाडला गेले, गिटार पाठीवर. कंडक्टरने विचारलं, भजनी मंडळ का?

कमळाकरचं मोटार वाइंडिंगचं दुकान. दारात जळालेल्या पंपांची रांग, आत वॉर्निशचा वास. बाराही महिने शेतकऱ्यांच्या मोटारी गुंडाळतो आणि लग्नसराईत हळदीला बेंजो वाजवतो. या भागातल्या निम्म्या बेंजो पार्ट्यांचे पिकअप त्याच्या हातचे. शिलाई मशीनच्या चाकावर तार गुंडाळतो, वेढे तोंडाने मोजतो. मध्ये कोणी बोललं तर उत्तर देत नाही. मीही नळाजवळ पडलेल्या त्याच्या दुकानाच्या जुन्या फ्लेक्सवर पत्ता वाचूनच आले होते.

त्याने माझा पिकअप उघडला. आत दोन वेटोळी, त्याच्या भाषेत दोन कॉइली, शेजारी शेजारी. म्हणाला, दोन का, ठाऊक आहे का बाई? दोघींना बाहेरची घरघर सारखीच ऐकू येते, पण एक सुलटी गुंडाळलेली, एक उलटी. म्हणून एकीची घरघर दुसरी खाते. तारेचा आवाज तेवढा उरतो. मग मीटर लावला. पहिल्यावर नीट आकडा. दुसऱ्यावर शून्य.

'ही मेली. आतल्या आत शॉर्ट. किती वर्सं ही दुसरी एकलीच बोंबलतेय.'

नवीन गुंडाळून देतो म्हणाला. पण भाजीवाल्या शेतकऱ्यांच्या मोटारी पुढे आहेत, हळदी सुरू झाल्या, तीन आठवडे तरी लागतील. मी अ‍ॅक्टिव्हबद्दल विचारलं. त्याला ते ऐकून ठाऊक होते. चेहरा बॅटरी चाखल्यासारखा केला.

'घ्या की. चांगले असत्यात. पन एक बगा — ह्या जुन्याला हात लावला का तो गप व्हतो. त्याला कळतं मानूस आलं. त्या बॅटरीवाल्याला तुमी हात लावा, नाय लावा, सारकंच.'

पिकअप त्याच्याकडे ठेवून येणार होते. मग वाटलं, तोवर वाजवायचं कशावर? परत घेऊन आले.

१७ नोव्हेंबर

एकलीच बोंबलतेय. दिवसभर हे डोक्यात.

१९ नोव्हेंबर

मागवले. अ‍ॅक्टिव्ह. तीन आठवडे माझ्याकडे नाहीत.

२६ नोव्हेंबर

आले. संध्याकाळी स्वतः बसवले. अंगठा भाजला. जुन्या पिकअपमधून तारा अडकवतात त्या धातूच्या पट्टीकडे जाणारी एक बारीक वायर असते — हात लावला की घरघर निवते ती हिच्यामुळे. नव्यांना ती लागत नाही, असं कागदावर छापलेलं. सोडवून टाकली.

जुने पिकअप रुमालात गुंडाळून डब्यात ठेवले. उद्या कुरिअरने कमळाकरकडे. घाई नाही, असं चिठ्ठीत लिहिलं.

२७ नोव्हेंबर

काही नाही. कानाला हेडफोन, आवाज पूर्ण वाढवलेला, आणि — काही नाही. एकदम आघात, एकदम शांतता. सुरीने कापल्यासारखी. मी तासभर नुसती थांबे वाजवत बसले.

हात लावून पाहिला. काढून पाहिला. सारखंच.

२८ नोव्हेंबर

गिटारची वायर रात्रभर खोचलेली राहिली, पिकअप बॅटरी पीत राहिले. सोबत आलेली जुनाट बॅटरी मेली. असं होतं हे वाचलं होतं, तरी विसरले. शहापुरात तिसऱ्या दुकानात मिळाली. दुकानदार म्हणाला, मीटरला पाहिजे का? हो म्हटलं.

२ डिसेंबर

चार गाणी पाठवली. अनिलचं उत्तर — अंगठा. नुसता उभा अंगठा. तो पाहून मला किती बरं वाटलं हे इथे लिहून ठेवते, म्हणजे नंतर लाज वाटेल.

नळावर सकुबाई म्हणाली, 'गावाला गेलीवतीस का गो? चार-पाच दिस दिवा दिसतो न् मानूस नाय.'

'इथेच होते,' म्हटलं. तेवढ्यात बस वळणावर दिसली. हेडफोनचं सांगायचं राहिलं.

४ डिसेंबर

पाचवं गाणं झालं. सहावं कठीण. मध्ये लांब थांबा आहे, पुरत्या बत्तीस मात्रा. तारांवर तळवा दाबून नुसतं मोजायचं आणि तेहतिसाव्याला सगळं वजन टाकायचं. दोन दिवस झाले, हात लवकर पडतोय. माणसाला शांततेत मोजता येत नाही, घाई होते.

६ डिसेंबर

झालं!

शनिवार, अर्धाच दिवस कॉलेज. सहाला बसले. अँप बंद, दार लावलेलं, हेडफोन. कानात यंत्राची टकटक, मोजणीची. अकरा वेळा चुकलं. बाराव्या वेळी थांब्यात हात स्थिर राहिला. एकदा मात्र टकटक दुप्पट झाल्यासारखी वाटली, दोन मात्रांच्या मध्येच आणखी एक. थकल्यावर असे भास होतात. लक्ष दिलं नाही. मोजत राहिले. एकतीस, बत्तीस — आणि बरोबर जागेवर पडले. आयुष्यात इतकं नेमकं कधी वाजवलं नव्हतं.

आठला हेडफोन काढले. बाहेर आतल्यासारखंच शांत.

अनिलला लगेच पाठवणार होते. मग म्हटलं, सकाळी पुन्हा ऐकते, मग पाठवते. आजचा आनंद आज एकटीने घेते. भात-पिठलं केलं. बऱ्याच दिवसांनी दोनदा वाढून घेतलं.

७ डिसेंबर

सकाळी जाग आली ती उजेडाने. तांब्याचा आवाज नव्हता.

नळाला सकुबाईचा हंडा नव्हता. शेजारची सुंदरा म्हणाली, भगीरथकडे गेली असल. पण दाराला आतून कडी. हाक मारली. बायकांनी मागच्या खिडकीचे गज काढले. मोरीत पडलेली. पाय वाकडा. ओठ निळे. डोळे उघडे होते आणि ती माझ्याकडे पाहत होती.

सरकारी दवाखान्यातून रुग्णवाहिकेने ठाण्याला. मी सोबत. भगीरथ वाटेत येऊन मिळाला. डॉक्टरने विचारलं, कधी पडल्या? 'सांजच्याला. दिवा लावला न् भांडी घासाया बसले.'

म्हणजे सहा-साडेसहा. म्हणजे तेरा तास.

रुग्णवाहिकेत मी विचारलं होतं — मावशी, हाक का नाही मारलीत?

'कोनाला मारू? तू घरात नव्हतीस. आवाज नव्हता तुजा.'

तिचा हात धरून बसले. हात बर्फासारखा.

मी होते. चार इंचांवर होते.

८ डिसेंबर

खुब्याचं ऑपरेशन. नीट झालं म्हणतात. भगीरथने माझे आभार मानले. तुमी होता म्हणून, म्हणाला. मी मान हलवली.

१० डिसेंबर

सहावं गाणं पाठवलं. पुन्हा ऐकलं नाही.

११ डिसेंबर

अनिलचं लांब उत्तर. इतकं लांब त्याने कधी लिहिलं नव्हतं. सहाव्या गाण्यातला थांबा — तो म्हणतो — अकरा वर्षांत आपण केलेली सगळ्यात चांगली गोष्ट आहे. 'त्या बत्तीस मात्रांत एक कणही आवाज नाही. संपूर्ण शांतता. हीच पाहिजे होती. तुझी जागा तूच भरू शकतेस.' शेवटी माझं नाव लिहिलंय.

हे वाचण्यासाठी मी किती दिवस थांबले होते! दोनदा वाचलं. फोन पालथा ठेवला.

ते गाणं मागे घ्यायचं आहे, असं लिहायला बसले. कारण काय देणार? पुसलं.

१४ डिसेंबर

ठाण्याला सकुबाईला भेटले. उशीला टेकून बसली होती, शेजारच्या खाटेवरच्या बाईला दम देत होती — ती म्हणे पथ्याचं खात नाही. मला पाहून म्हणाली, 'आली मास्तरीन. खोलीत जाळी नाय ना धरली?'

मला खरं सांगायचं होतं. आधी कानांचं विचारलं. ती हसली. कानाला काय धाड भरली, म्हणाली. तीन वर्षं सगळं ऐकते. मग जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

'तुजी घरघर लागली का समजायचं, आली घरी. मंग ती एकदम निवते. म्हंजे तू हात ठेवला. आता वाजवनार. मंग मी नळ बंद करते, भांडं खाली ठेवते. एकदा धडाम-धूम सुरू झालं का परत घासाया लागते. वाजवतेस ते काय मला कळत नाय, खरं सांगते. पन ते हात ठेवायचं कळतं.'

हात ठेवायचं कळतं. अनिलला ते कळत नाही, कमळाकरच्या मीटरलाही नाही. भिंतीपलीकडे एक बाई भांडं हातात धरून त्या क्षणासाठी थांबत होती, आणि मी तोच क्षण वायर सोडवून काढून टाकला.

मग मी सांगितलं. त्या संध्याकाळी मी घरातच होते. कानात घालून वाजवत होते.

तिने उशाचं मोसंबं उचललं.

'असशील,' म्हणाली. 'मी कुटं हाक मारली? मारली असती तर आली असतीस. नाय मारली.' आणि मोसंबं सोलायला माझ्या हातात दिलं.

परतताना बसमध्ये हे वाक्य पुन्हा पुन्हा मनात आणलं. नाही मारली. त्याच्यावर डोकं टेकता येतं.

१७ डिसेंबर

मुरबाड. पिकअप तयार होता. दोन्ही वेटोळी जिवंत. कमळाकर खूश — आता एक टिपूसही घरघर नाय, बॅटरीवाल्याच्या तोंडात मारेल.

मी म्हटलं, एक मेलेलीच राहू द्यायला हवी होती.

त्याला वाटलं चेष्टा करतेय. तीस वर्षांत बिघडवून द्या म्हणणारं गिऱ्हाईक पहिलंच, म्हणाला. मग मी सगळं सांगितलं. सकुबाईचं, हात ठेवण्याचं. मध्ये एक शेतकरी मोटार घेऊन आला, त्याला त्याने हाताने थांबवलं. ऐकून झाल्यावर खण उघडून बोटाएवढा एक स्विच काढला. 'ह्या बाजूला दोन. ह्या बाजूला एकलीच. म्हातारी आली का एकलीवर ठेवा.' ती तारांची वायरही परत जोडायला सांगितली. ती नसली तर हात लावूनबी गप नाय व्हनार, म्हणाला.

१९ डिसेंबर

अ‍ॅक्टिव्ह काढले, जुने बसवले. स्विच एकलीवर. अँप चालू. घरघर आली. तळवा ठेवला. निवली.

ठेवला आणि थांबले. पलीकडे नळ बंद होण्याची वाट पाहत राहिले, हे कळायला मला थोडा वेळ लागला.

अनिलला कळवलं, पुढच्या वेळी पॅसिव्हवरच वाजवीन. तुला चालणार नसेल तर त्या दुसऱ्याला बसव. उत्तर नाही. वाट पाहत नाहीये, याचंच नवल.

२० डिसेंबर

भगीरथचा फोन. आईला दोन महिने भिवंडीला ठेवणार, मग ती इकडेच येणार — ऐकतच नाही, म्हणाला. सुंदराकडे चावी आहे. आईची दोन लुगडी, चष्मा आणि औषधांची पिशवी काढून ठेवा, रविवारी न्यायला येतो. आणि आईने मुद्दाम सांगितलंय, मोरीकडे जाऊ नका, तिकडं घसरायला होतं. तिकडचं मी बघतो.

२१ डिसेंबर

लुगडी काढली. चष्मा काढला. औषधांची पिशवी मोरीच्या कोनाड्यात होती.

माझ्या बाजूच्या भिंतीला, जमिनीपासून हातभर उंचीवर, गिलावा उडालेला. एकाच जागी, ताटलीएवढा, आतली वीट दिसेपर्यंत. खाली लाल भुकटी. भुकटीत तांब्या. त्याची एक कड पार चेपलेली.